गच्चीवरच्या जुन्या फायकसचं गुटी कलम करून बोन्साय – गुटी नेमकी कुठे बांधू?

गच्चीकर
नमस्कार मंडळी. बागकामाच्या जुन्या धाग्यांत गुटी कलमाबद्दल (फांदी झाडावरच ठेवून तिची साल काढायची, तिथे ओलं काहीतरी बांधायचं आणि मुळ्या फुटल्या की कापून लावायची) बरंच सापडलं, पण ते सगळं डाळिंब, पेरू, लिंबाचं. माझा प्रश्न बोन्सायचा आहे म्हणून वेगळा धागा काढतोय.

कोथरूडला आमच्या इमारतीच्या गच्चीवर एका निळ्या ड्रममध्ये फायकस आहे. हॉटेलांच्या दाराशी गोल कापून ठेवतात तोच. सासऱ्यांनी लावलेला, त्यामुळे त्याला घरात जावयापेक्षा जास्त मान आहे. उंची माझ्या डोक्यावर गेलीय. खालचा चारेक फूट बुंधा नुसता सरळसोट, मनगटाएवढा जाड, बघण्यासारखं त्यात काही नाही. त्याच्या वर मात्र खोड एक छान वळण घेतं आणि तिथून तीन फांद्या फुटल्यात. तेवढाच भाग उचलून ट्रेमध्ये लावता आला तर आयतं बोन्साय, असं केव्हापासून मनात आहे.

आता सोसायटीने ठरवलंय की दिवाळीनंतर गच्चीचं वॉटरप्रूफिंग. ड्रम हलवावाच लागणार आणि खाली पार्किंग सोडून टीचभर जागा नाही. तर एवढ्या जाड बुंध्यावर गुटी धरते का? आषाढ लागलाय, दिवाळीपर्यंत वेळ पुरेल? आणि बांधायची नेमकी कुठे?

बाकरवडी_बुवा
फोटो नाही? धागा फाऊल धरण्यात येईल.

गच्चीकर
टाकतो हो. पाऊस जरा उघडू दे.

रोपवाटिकेवाली
उरुळी कांचनकडे आमची नर्सरी आहे. पावसाळ्यात गुट्या बांधणं हे रोजचंच काम, म्हणून लिहिते.

फायकसला गुटी धरते, डोळे झाकून धरते. जाडीची काळजी करू नका. नर्सरीत आम्ही पेन्सिलीएवढी ते अंगठ्याएवढी फांदी घेतो कारण गिऱ्हाईकाला रोप हवं असतं. बोन्सायवाले मनगटाएवढी घेतात आणि फायकस, वड, उंबर या जातीला त्याचं काही वाटत नाही. वेळही अगदी योग्य आहे. जून ते ऑगस्ट हवेत दमटपणा असतो, झाडात रस चढलेला असतो. फायकसला साधारण महिना-दीड महिन्यात मुळ्या दिसायला लागतात. बुंधा जाड आहे तर त्याहून जास्त धरा. दिवाळीच्या आत होऊन जाईल.

कृती तशी सगळ्यांना माहीत असते, पण हुकते ती साल काढल्यानंतर. बांगडीसारखी गोल साल काढायची. पेन्सिलीएवढ्या फांदीला इंचभर पुरते, तुमच्या बुंध्याला तेवढी पुरणार नाही. जाडीच्या दीडपट तरी काढा, म्हणजे तुमच्याकडे तीन इंच. साल निघाली की आत पांढरं लाकूड दिसतं आणि त्यावर ओला, बुळबुळीत थर असतो. बोट फिरवलं तर सटकतं. तो थर चाकूच्या पाठीने खरवडून काढायचाच, लाकूड कोरडं आणि खरखरीत लागेपर्यंत. हा राहिला तर झाड पंधरा दिवसांत वरची आणि खालची साल परत जोडून घेतं. मग तुम्ही बाहेरून रोज बघत बसा, आत एक मुळी नसते.

शर्वरी_सिंहगडरोड
ताई, मस्त समजावलंत. फायकसचा चीक निघतो त्याचं काय करायचं? हाताला लागला की जात नाही आणि डोळ्यात गेला तर आगच.

रोपवाटिकेवाली
ओल्या फडक्याने पुसून घ्यायचा, थोडा वेळ थांबायचं, परत आला तर परत पुसायचा. चीक थांबल्यावरच पुढचं काम. हातमोजे घाला. झाडाला त्याने काही होत नाही.

मुळ्येसर
वनस्पतिशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त आहे. "का" हा प्रश्न कोणी विचारला नाही, तरी सांगतो. सवय जात नाही.

जलवाहिन्या लाकडात असतात. मुळांनी शोषलेलं पाणी त्यातून वर जातं. रसवाहिन्या सालीच्या आतल्या अंगाला असतात आणि पानांत तयार झालेली साखर त्यातून खाली उतरते. आपण फक्त साल काढतो, त्यामुळे पाणी वर जात राहतं आणि पानं टवटवीत राहतात. साखर आणि शेंड्याकडून येणारं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक (हार्मोन) मात्र कापाच्या वरच्या कडेशी येऊन अडतं. १७ व्या शतकात इटलीतल्या माल्पिघी यांनी झाडांच्या साली अशाच गोल काढून पाहिल्या होत्या. वरची कड सुजते, हे त्यांनी नोंदवून ठेवलं आहे. तिथे ओल आणि अंधार मिळाला की त्या सुजेतून मुळं फुटतात. ऑक्सिन आणि मुळं यांचा संबंध १९३० च्या दशकात स्पष्ट झाला आणि आज बाजारात मिळणारी, मुळं फुटावीत म्हणून लावायची आयबीएची हार्मोन पावडर ही त्याच कामाची देणगी.

यातून गच्चीकरांच्या प्रश्नाचं थोडं उत्तर निघतं. मुळं वरच्या कडेला येणार. म्हणजे वरचा काप जिथे, तिथे उद्याच्या झाडाची जमीन.

बाकरवडी_बुवा
सर, दंडवत. एवढं शाळेत कळलं असतं तर आज मी आयटीत नसतो.

मुळ्येसर
शाळेत हेच शिकवलं होतं. तुम्ही मागच्या बाकावर होतात.

पेठेतला_माळी
हार्मोन पावडरीवर पैसे घालवू नका. फायकसला गरज नाही. वडाच्या पारंब्या हवेत लोंबतात त्यांना कोण पावडर लावतं? तसंच मॉसचं, म्हणजे गुटीत भरायच्या वाळक्या शेवाळाचं. परदेशी मॉस महाग, आणि मिळतं त्यात निम्मा कचरा. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ओलं करून घट्ट पिळायचं आणि बांधायचं. काम तेच.

शर्वरी_सिंहगडरोड
पावडरीबद्दल सहमत, कोकोपीटबद्दल नाही. कोकोपीट पाणी फार धरतं. पावसात पिशवीच्या गाठीतून पाणी आत गेलं तर आत चिखल होतो, साल काळी पडते आणि वास येतो. मॉसमध्ये हवा खेळते. शिवाय मुळं मॉसला धरून राहतात, कापल्यावर गोळा सुटत नाही. कोकोपीट भुसभुशीत, कापताना हललं की कोवळ्या मुळ्या मोडल्याच. महाग आहे मान्य, पण एका गुटीला मूठ-दोन मुठी लागतात, पोतं नाही लागत.

पेठेतला_माळी
पिळता येत नसेल तर चिखल होणारच. पिळून एक थेंब पडता कामा नये.

मुळशीकर
दोघांचंही बरोबर आहे. आमच्याकडे मुळशीला पाऊस वेड्यासारखा, तिथे कोकोपीट कुजतं. पुण्यात पेठांमध्ये त्या मानाने भुरभुर, तिथे चालून जातं. कोथरूड मधलं.

टिंग्या_०७
वास्तूवाले म्हणतात घरात बोन्साय ठेवलं की प्रगती खुंटते. खरंय का?

बाकरवडी_बुवा
माझ्या घरात बोन्साय नाही. प्रगती तरीही खुंटलेली आहे.

मीनल_जोशी_काकू
वास्तूचं सोडा, पण मला स्वतःला बोन्साय बघवत नाही. एवढं मोठं व्हायचं झाड, तारा गुंडाळून, मुळं छाटून ताटलीत कोंबायचं. आणि आता जिवंत झाडाची साल सोलायची. छळच नाही का हा? राग मानू नका.

शर्वरी_सिंहगडरोड
काकू, राग कसला. पण ड्रममधलं झाडही कोंडलेलंच असतं, फक्त भांडं मोठं. आणि बोन्सायचं झाड उपाशी असतं हा गैरसमज. त्याला पाणी, खत, ऊन सगळं वेळेवर द्यावं लागतं, नाहीतर आठवड्यात मरतं. माझ्या ट्रेमधल्या कामिनीचे जेवढे लाड होतात तेवढे माझे होत नाहीत. गच्चीकरांपुढे तर पर्याय हाच आहे की गुटी, नाहीतर ठेकेदाराची कुऱ्हाड.

मीनल_जोशी_काकू
कुऱ्हाडीपेक्षा बरं, एवढं मान्य. तरी बघवत नाहीच.

डाळिंबवाला
सांगोल्याचा. पुण्यात नोकरी, गावी बाग. गुटी म्हटलं की राहवत नाही म्हणून अवांतर.

डाळिंबात अख्खा धंदा गुटीवर उभा आहे. बियांपासून लावलं तर झाड कसं निघेल त्याचा नेम नाही, गुटीत आईचे गुण जसेच्या तसे. तुमच्या पुण्याचाच दाखला घ्या, गणेश वाण. गणेशखिंडीच्या बागेत डॉ. चीमा यांनी १९३६ मध्ये आळंदी वाणाच्या रोपांतून निवडलेलं ते झाड. तिथून पुढे कलमांवर कलमं होत गेली आणि महाराष्ट्रभर पसरली. नंतर भगवा आला, तोही असाच वाढवला. पण आईचे गुण येतात तसे रोगही येतात. तेल्या आणि मर असलेल्या बागेतून गुट्या आणून कित्येकांनी नव्या बागा घालवल्या. म्हणून बोन्सायवाल्यांनासुद्धा सांगणं एवढंच की आईझाड निरोगी आहे का ते आधी बघा. पानांवर डाग, खोडाला भोकं, फांद्या वाळलेल्या असं झाड असेल तर गुटीचा नाद सोडा.

आणि डाळिंबाचं बोन्साय करा की कोणीतरी. गुटीचं झाड वयात आलेल्या फांदीचं असतं, त्यामुळे कुंडीतसुद्धा लवकर फुलतं.

टिंग्या_०७
मग आंब्याचं पण गुटीने होईल का? ट्रेमध्ये हापूस!

रोपवाटिकेवाली
आंबा गुटीला हट्टी आहे. कोय कलमच बरं. आणि ट्रेमध्ये फळ धरलं तरी ते फळ आपल्याच मापाचं येतं, बोन्सायची पानं लहान होतात, फळं होत नाहीत. फूटभर झाडाला पावशेर आंबा लटकला तर झाड आडवं.

रानवेडा
माझाही एक प्रश्न याच धाग्यात विचारतो. आमच्या रस्त्यावर पदपथाच्या कडेला जुना वड आहे. त्याची खाली आलेली एक फांदी म्हणजे तयार बोन्साय. रात्री जाऊन गुटी बांधली आणि गणपतीनंतर कापून आणली तर? झाडाला काय फरक पडणार.

मुळशीकर
फरक तुम्हाला पडेल. १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. महापालिका हद्दीत फांदी छाटायची तरी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, रस्त्यावरच्या झाडाची तर लागतेच. आणि एका माणसाने केलं की दुसऱ्या दिवशी चार जण येतात. वडाची रोपं भिंतींच्या फटीत, गच्चीच्या पाइपांच्या बेचक्यात हवी तेवढी उगवतात. ती काढली तर सोसायटी उलट चहा पाजेल.

बाकरवडी_बुवा
शिवाय वटपौर्णिमेला बायका दोरा गुंडाळतात आणि तुम्ही रात्री सुतळी गुंडाळणार. सात जन्म ते झाड मागे लागेल.

रानवेडा
:) कळलं. भिंतीतला शोधतो.

स्वप्ना_औंध
सुतळीवरून आठवलं. आमच्या सोसायटीत मी बोगनवेलीला गुट्या बांधल्या होत्या, काळ्या प्लास्टिकमध्ये. कुणीतरी करणीच्या पुरचुंड्या म्हणून सेक्रेटरींकडे तक्रार केली. सेक्रेटरी स्वतः इंजिनिअर, पण त्यांनीही लांबूनच काठीने ढोसून बघितलं. शेवटी प्रत्येक पुडीवर "गुटी कलम, हात लावू नये, फ्लॅट ३०२" अशी चिठ्ठी चिकटवली. त्यानंतर लोक येऊन उघडून बघायला लागले.

पेठेतला_माळी
पुणेरी पाटी लावल्यावर दुसरं काय होणार.

स्वप्ना_औंध
माणसांपेक्षा खारी वाईट. मॉस घरट्यासाठी ओढून नेतात, प्लास्टिक कुरतडून. बुलबुल आणि कावळेही टोचतात. आता मी आतून पारदर्शक प्लास्टिक आणि वरून स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळते. फॉइलने आत अंधार राहतो, ऊन पडलं तर तापत नाही, आणि मुळं आली का बघायचं तर फॉइल तेवढी उघडायची. बाहेरून दोन-चार चकरा तारेच्या जाळीच्या. खारींचा बंदोबस्त झाला, मुंग्यांचा अजून नाही.

गच्चीकर
बापरे, एवढे प्रतिसाद. सगळ्यांचे आभार. फोटो टाकलाय (बुवा, बघा). वळण दिसतंय का? ते फांद्या फुटतात त्याच्या वीतभर खाली सुरू होतं. मी गुटी अगदी फांद्यांच्या खाली बांधायची म्हणत होतो.

तांबडी_माती
गेली कित्येक वर्षं बोन्साय करते आहे, बहुतेक फायकसच. फोटो बघून लिहिते, कारण मूळ प्रश्न "कुठे" हा होता आणि त्याचं पुरतं उत्तर अजून आलेलं नाही. सरांनी जवळ नेऊन सोडलंय.

अगदी फांद्यांच्या खाली बांधू नका. तिथे बांधलीत तर झाडाला खोडच उरणार नाही, जमिनीतून थेट तीन फांद्या निघाल्यासारखं दिसेल. आणि वळण, जे तुम्हाला आवडलंय, ते खालीच राहून जाईल. वळण सुरू होतं त्याच्या जरा खाली वरचा काप घ्या. मग झाड जमिनीतून निघतानाच वळत निघेल. बोन्सायमध्ये उंची खोडाच्या जाडीच्या साधारण सहापट धरतात. तुमचं खोड दोन इंच, म्हणजे फूटभर. वरच्या फांद्या पुढे छाटून त्या मापात आणता येतील. आत्ता एकही पान छाटू नका, मुळ्यांचा खुराक त्या पानांतूनच येणार आहे.

खडूने खोडावर रेघ मारा आणि दोन दिवस येता-जाता चहूबाजूंनी बघा. ती रेघ म्हणजे मातीची पातळी. खोड थोडं कललेलं हवं असेल तर रेघच तिरकी घ्या, उद्या सपाट ट्रेमध्ये ठेवल्यावर झाड आपोआप कलेल. ही सोय बी लावून किंवा नर्सरीतून कुंडी आणून मिळत नाही.

वरचा काप मात्र नव्या ब्लेडने, एका पातळीत, स्वच्छ. सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, चिरडू नका. मुळं त्या कडेवर ओळीने फुटतात. कड वेडीवाकडी झाली तर एका बाजूला चार मुळ्या आणि दुसऱ्या बाजूला टक्कल. बोन्साय बघणारा माणूस आधी नेबारी बघतो, म्हणजे बुंध्यापासून चौफेर पसरलेली मुळं. गुटीचं खरं देणं तेच आहे, हवी तिथे, गोल, नवी नेबारी. एम्प्रेस गार्डनला जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं तिथे बोन्सायही ठेवतात. पुढच्या वेळी झाडांचे शेंडे न बघता बुंधे बघा.

पिशवी एवढ्या जाड बुंध्याला नीट बसत नाही. प्लास्टिकची सहा इंची कुंडी उभी कापा, तळाला बुंध्याएवढं भोक पाडा, खोडाभोवती बसवून तारेने परत जोडा आणि आत मॉस भरा. मॉस-कोकोपीट निम्मं-निम्मं केलंत तरी चालेल, म्हणजे वरचं भांडणही मिटेल. कुंडीला निचरा असतो, त्यामुळे पावसाचं पाणी साठत नाही. उघडीप पडली तर मात्र रोज पाणी घालावं लागेल.

गच्चीकर
वा! हेच हवं होतं. मुळं दिसली की लगेच कापायचं?

तांबडी_माती
नाही, इथेच घाई होते. पहिल्या मुळ्या पांढऱ्या आणि काचेच्या कांडीगत ठिसूळ असतात. त्या तपकिरी होऊन त्यांना फाटे फुटू देत, कुंडीच्या कडेला येऊ देत. मग खालून करवतीने कापायचं. कापल्यावर मॉस झटकू नका, तसंच मोठ्या कुंडीत लावा. निचऱ्याची माती हवी, मी वीटचुरा, लाल माती आणि गांडूळखत घेते. तळाशी, बुंध्याच्या बरोबर खाली, फरशीचा एक तुकडा ठेवा. मुळं खाली न जाता आडवी पसरतील. वरून मोठी पानं निम्मी काढा, कारण आता पाणी पुरवायला आईची मुळं नाहीत. झाड कुंडीला सुतळीने बांधा, गच्चीवर वारा असतो आणि हललं की मुळ्या तुटतात. दोन-तीन आठवडे सावली. ट्रेमध्ये निदान वर्षभर नाही, कितीही मोह झाला तरी.

शर्वरी_सिंहगडरोड
वाचनखूण साठवली. एक शंका, मुळ्या न येता नुसतीच गाठ आली तर? माझ्या कामिनीला तसं झालंय.

तांबडी_माती
कामिनी सावकाश चालते, आधी थांबून बघा. गाठ टणक होऊन बसली असेल तर तिची खालची कड ब्लेडने पातळ कापून ताजी करा, तिथे पावडर लावा (कामिनीला लावाच, माळीदादा) आणि परत बांधा. खालच्या बाजूला साल जोडली गेलीय का तेही बघा, असेल तर तेवढी खरवडा.

पेठेतला_माळी
कामिनीला लावा. मी फायकसचं बोललो होतो.

रोपवाटिकेवाली
आणि गच्चीकर, खालचा बुंधा फेकू नका हो. सगळे वरच्या भागाचंच बोलतायत. फायकसचा नुसता ठोंब ठेवला तरी त्याला डोळे फुटतात. जुनिपरसारख्या सूचिपर्णी झाडाला खाली हिरवी पानं राखली नाहीत तर तो भाग मरतो, फायकसचं तसं नाही. वरचं कापून घेतलं की खालचा बुंधा वीतभर ठेवून छाटा, ड्रममधून काढा, मुळं कमी करा आणि मोठ्या कुंडीत लावा. त्याची जुनी मुळं वर्षानुवर्षं ड्रममध्ये जाड झालेली असणार. काय सांगावं, वरच्यापेक्षा हेच झाड सरस निघेल. फक्त छाटणी पावसाळ्यातच करा, थंडीत फुटायला वेळ लागतो. म्हणजे वरची गुटी सप्टेंबरात उतरवा आणि लगेच हे करा, दिवाळीची वाट बघू नका.

तांबडी_माती
+१. मी हे लिहायला विसरले.

गच्चीकर
ठरलं तर. या रविवारी खडू, पुढच्या रविवारी चाकू. घरात सांगितलं की एकाची दोन होणार आहेत, तर सासरे म्हणाले, "बुंध्याकडचं माझं, वरचं तुझं." वाटणी झाली.

तर सप्टेंबरअखेर निळा ड्रम रिकामा होईल. कोणाला हवा असल्यास फुकट. कोथरूडला स्वतः येऊन न्यावा लागेल, लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंतच आहे, गच्ची पाचव्यावर.

मुळशीकर
मला हवा. खाली भोकं आहेत का?

गच्चीकर
आहेत. मातीसकट नेलात तर अजून उपकार.